साहेबाचं बोलणं, साहेबाचे कान

वरिष्ठाच्या एका निरोपावर स्वराज्याच्या दोन सरनौबतांची कारकीर्द संपली, आणि या दोन घटनांमध्ये जेमतेम आठ वर्षांचं अंतर आहे.

पहिली घटना जानेवारी १६६६ची. पुरंदरच्या तहानंतर शिवाजी महाराज मिर्झाराजे जयसिंगांच्या बाजूने आदिलशाहीविरुद्धच्या मोहिमेत उतरले होते. पन्हाळ्यावर रात्री छापा घातला, तो फसला आणि हजारभर माणूस कामी आलं. सरनौबत नेतोजी पालकर ठरल्या वेळी पोचले नव्हते. वेळेवर का आला नाहीत, असं विचारून महाराजांनी त्यांना पदावरून दूर केलं, असं सभासद बखर सांगते. नेतोजी आधी विजापूरकरांना मिळाले. तिथून जयसिंगांनी त्यांना मोगलांकडे ओढलं. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाने नेतोजींना पकडायला लावलं, त्यांचं धर्मांतर केलं आणि मुहम्मद कुलीखान या नावाने त्यांना थेट अफगाणांच्या मुलखात धाडलं.

दुसरी घटना प्रतापराव गुजरांची. १६७३ साली जतजवळच्या उमराणीला त्यांनी विजापूरकरांच्या बहलोलखानाचं पाणी तोडलं आणि त्याला जेरीस आणलं. खान शरण आला तेव्हा प्रतापरावांनी त्याला सोडून दिलं. तोच खान पुन्हा चालून आला. सल्ला (तह) काय म्हणून केला, असं महाराजांनी विचारलं. पुढे निरोप गेला तो असा की खानाला मारून फत्ते करा, नाहीतर तोंड दाखवू नका. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी गडहिंग्लजजवळच्या नेसरीला प्रतापराव फौज मागे ठेवून मोजक्या स्वारांनिशी खानाच्या सैन्यावर तुटून पडले आणि मारले गेले. राज्याभिषेकाला तेव्हा साडेतीन महिनेच उरले होते.

या दोन्ही कथा आपण शौर्य आणि शोक या दोनच अंगांनी वाचतो. रायगड ज्या महाड तालुक्यात आहे तिथली पोरं तर त्या ऐकतच वाढतात. पण माणसं हाताखाली घेऊन काम करवणाऱ्या कुणीही या कथा तिसऱ्या अंगाने वाचून पाहाव्यात. कामात चूक झाली, ती वरिष्ठाने दाखवली, आणि त्यानंतर जे घडलं त्यात मूळ चुकीपेक्षा मोठं नुकसान झालं. ते का?

महाराजांचा राग अवाजवी होता असं म्हणण्यात अर्थ नाही. पन्हाळ्यावर माणसं मेली होती. सोडलेला खान पुन्हा मुलखात आला होता. दोन्ही वेळा काम खरोखर बिघडलं होतं आणि ते सांगणं धन्याचं कर्तव्यच होतं. अडचण निरोपाच्या घडणीत आहे. 'तोंड दाखवू नका' या शब्दांत पुढच्या वेळी वेढा कसा आवळायचा, शरण आलेल्या शत्रूला कोणत्या अटींवर सोडायचं, याबद्दल काही नाही. प्रश्न लढाईच्या डावपेचांचा होता, तो प्रतापरावांच्या इभ्रतीचा झाला. इभ्रतीच्या प्रश्नाला माणूस डावपेचाने उत्तर देत नाही, जिवाने देतो.

हे आजच्या मानसशास्त्राच्या आकड्यांतही दिसतं. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोघांनी १९९६ साली कामाबद्दल दिलेल्या प्रतिक्रियांवरचे तोपर्यंतचे अनेक दशकांचे प्रयोग एकत्र करून तपासले. त्यातून त्यांना ६०७ तुलना मिळाल्या आणि त्यांमागे २३ हजारांहून जास्त निरीक्षणं होती. सरासरीने अशा प्रतिक्रियेमुळे काम सुधारतं, हे त्यात दिसलंच. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा काम उलट बिघडलं होतं. त्यांचं स्पष्टीकरण साधं आहे. ऐकणाऱ्याचं लक्ष कामावर राहिलं तर फायदा होतो. ते कामावरून सरकून 'म्हणजे मी असा आहे का?' यावर गेलं की तोटा सुरू होतो. मग ते सरकणं निंदेमुळे असो की स्तुतीमुळे. 'तू फार हुशार आहेस' या वाक्यानेही लक्ष कामावरून उडतं, हे आपल्याकडच्या साहेबांना सहसा पटत नाही.

कडक बोलूनही काम सुधारेल असं बोलता येतं का? त्याचं उत्तर मला त्याच दरबारातून निघालेल्या एका पत्रात सापडतं. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात चिपळूणजवळ हलवर्ण इथे पागेचा मुक्काम होता. तिथल्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना महाराजांनी लिहिलेलं हे पत्र आहे. इतिहासाच्या पुस्तकात त्यातलं एखाद-दुसरं वाक्य येतं, तेही रयतेच्या कळवळ्याचा दाखला म्हणून. ते तर आहेच. पण पत्र सबंध वाचलं तर त्यात हाताखालच्या माणसांना बजावून सांगण्याची एक रीतच मिळते.

मुद्दा दाणागोट्याचा आहे. पावसाळ्यासाठी जनावरांचं दाणावैरण साठवलेलं आहे. महाराज लिहितात ते असं: तुम्ही ते मन मानेल तसं उधळाल तर ऐन पावसाळ्यात संपेल. मग घोडी उपाशी मरतील, म्हणजे तुम्हीच ती मारल्यासारखं होईल. मग तुमचे लोक गावात शिरतील. कुणी कुणब्याचं धान्य आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी सरपण, कुणी भाजीपाला. मग जे कुणबी जीव धरून राहिलेत तेही घर सोडून जातील, काही उपाशी मरतील, आणि मोगलापेक्षाही तुम्ही वाईट असं त्यांना वाटेल. तो सगळा बोल तुमच्यावर येईल. तेव्हा खजिन्यातून पैसा मिळतो त्यातून जे हवं ते बाजारात विकत घ्या, कुणाच्या घरात शिरू नका.

पुढे आगीची गोष्ट येते. कुणी वारा न बघता चूल पेटवेल, कुणी तंबाखू ओढेल, रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. एका खणाला लागली की सगळी वैरण जाईल. मग कुणब्यांच्या माना मारल्या काय किंवा कारकुनांना शिक्षा केली काय, नव्या पागेसाठी एक लाकूड मिळायचं नाही.

उंदरापर्यंत जाणारा हा बारकावा पाहा. 'काळजी घ्या', 'जबाबदारीने वागा' असली मोघम सूचना त्यात नाही. आज एखादी गोष्ट केली तर उद्या काय होईल आणि त्यातून परवा काय होईल, ही साखळी लिहिणाऱ्याने हातात ठेवली आहे. वाचणाऱ्या हवालदाराला स्वतःच्या पागेतला तो दिवा दिसला असेल. आणि पत्र आग लागण्यापूर्वी लिहिलंय. चूक होऊन गेल्यावर सांगणं ही बहुतेक व्यवस्थापकांची एकुलती एक सवय असते. इथे चूक होण्याआधीच ती रंगवून दाखवली आहे. शिवाय दोष येईल तर तो तुमच्यावरच येईल, हे निक्षून सांगितलं आहे. मऊपणा कुठेही नाही. आणि तरी कुणाच्या जातकुळीला किंवा शौर्याला हात घातलेला नाही.

सगळीच पत्रं अशी नाहीत. जानेवारी १६७५ मध्ये प्रभावळी मामल्याचे सुभेदार जिवाजी विनायक यांना गेलेलं पत्र चांगलंच जळजळीत आहे. सिद्दीशी झुंज चालू होती आणि पद्मदुर्गाच्या कामासाठी दौलतखान, दर्यासारंग यांना पैसा आणि धान्य पोचवायचा हुकूम होता. सुभेदाराने ते पोचवलं नाही. काय सांगितलं होतं, काय झालं नाही आणि त्याने आरमाराचं काय होईल, हे पत्रात नेमकं आहे. पण हबशाने, म्हणजे सिद्दीने, काही देऊन तुला फितवलं की काय, असा संशयही त्यात आहे. ब्राह्मण म्हणून कोण मुलाहिजा ठेवील, असा दमही आहे. तो संशय खरा असेलही. पण एकाच पत्रात कामाचा हिशेब आणि नियतीवर शंका आल्या की ऐकणारा शंकेलाच उत्तर देत बसतो आणि हिशेब तसाच राहतो. कोणत्याही कार्यालयात असा एखादा मेमो आलेला ज्याने पाहिला आहे त्याला हे कळेल.

याच प्रभावळी मामल्याचे सुभेदार रामाजी अनंत यांना सप्टेंबर १६७६ मध्ये गेलेलं पत्र मात्र वेगळ्या जातीचं आहे. भाजीच्या देठालाही मन लावू नका, हा त्यातला भाग सर्वांना ठाऊक असतो. पण पत्राचा बराचसा भाग कामाच्या अपेक्षांचा आहे. गावोगाव फिरून कुणबी गोळा करायचे. ज्याच्याकडे माणूसबळ आहे पण बैल नाहीत, त्याला बैलांसाठी पैसे द्यायचे, खायला धान्य द्यायचं. दिलेली रक्कम व्याज न लावता, त्याला झेपेल तशी हळूहळू वसूल करायची. याच मामल्यात दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी काय झालं होतं ते आठवा, म्हणजे हे पत्र किती मोलाचं आहे ते कळेल. काय चाललं पाहिजे हे आधी स्वच्छ सांगितलेलं असलं की नंतरची कानउघाडणी आपोआप छोटी होते.

आता रायगडावरून खाली, खाडीपट्ट्यात येऊ.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर, महाड आणि तिथल्या औद्योगिक वसाहतीच्या अंगाने वाहत येते आणि मग भरती-ओहोटीच्या खाडीत रुंद होत बाणकोटकडे निघते. तुडील या खाडीपट्ट्यातलं गाव. इथल्या पोराला नोकरीच्या वाटा ठरलेल्या: मुंबई, आखात, नाहीतर महाडची एमआयडीसी. त्या वसाहतीत रसायनांचे कारखाने बरेच आहेत आणि शिफ्टमधली निम्मी माणसं एकमेकांच्या गावची किंवा नात्याची असतात. इथेच व्यवस्थापनाच्या पुस्तकांची पंचाईत होते. पुस्तकातला मॅनेजर आपल्या हाताखालच्या माणसाशी फक्त कामाच्या नात्याने बांधलेला असतो. इथे केमिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन आलेला सत्तावीस वर्षांचा शिफ्ट इन्चार्ज ज्याला जाब विचारणार तो ऑपरेटर त्याच्या बापाच्या वयाचा असतो. तो 'काका' असतो, नाहीतर शेजारच्या मोहल्ल्यातला 'चाचा' असतो. शिमग्याला, नाहीतर ईदला, त्याच्या घरी जायचं असतं.

अशा वेळी दोन पळवाटा सर्रास वापरल्या जातात. पहिली म्हणजे लेकी बोले सुने लागे. सकाळच्या मीटिंगमध्ये 'काही लोक रात्री रीडिंग न घेता लॉगशीट भरतात' असं सगळ्यांसमोर मोघम म्हणायचं. ज्याच्याबद्दल बोलणं असतं त्याला वाटतं ते दुसऱ्याबद्दल आहे, आणि ज्याने काही केलेलं नसतं तो दिवसभर मनात कुढतो. दुसरी पळवाट म्हणजे वर्षाच्या अप्रेझलपर्यंत गप्प राहायचं आणि मग एकदम सगळी पोतडी रिकामी करायची. मार्चमध्ये कुणाला जुलैची रात्र आठवत नाही. मग वाद होतो तो आठवणींचा, कामाचा नाही.

व्यवस्थापनाच्या शिबिरांतून एक तिसरी युक्तीही आली आहे. आधी कौतुक, मग चूक, शेवटी पुन्हा कौतुक. तिला सँडविच म्हणतात. माझ्या मते ती फसवी आहे. दोनदा वापरली की माणसाला पहिल्या कौतुकानंतरचा 'पण' ऐकायची सवय लागते आणि खरंखुरं कौतुकही मग संशयाने घेतलं जातं.

मग त्या काकांशी बोलायचं तरी कसं? समजा नाईट शिफ्टच्या लॉगशीटवर दोन ते पाच या वेळेत रिअॅक्टरचं तापमान दर तासाला एकच लिहिलंय, ८२ अंश. चार्ट रेकॉर्डरवर मात्र ते ८८पर्यंत चढून उतरलेलं दिसतं. इन्चार्जने कंट्रोल रूममध्ये सगळ्यांदेखत विचारलं, 'झोपला होता काय?' तर उत्तर ठरलेलं आहे: 'नाही साहेब.' तिथेच विषय संपला. हेच शिफ्ट सुटताना बाजूला घेऊन, दोन्ही कागद समोर ठेवून विचारता येतं. 'काका, लॉगशीटवर चारही वेळा ब्याऐंशी आहे. चार्टवर अठ्ठ्याऐंशी दिसतं. तेव्हा काय झालं होतं?' मग कदाचित असं कळतं की पंपाचा ग्लॅण्ड गळत होता, हेल्पर आला नव्हता, काका एकटे खाली होते आणि वर येऊन त्यांनी अंदाजाने आकडे भरले. चूक तरीही चूकच. ती तशी सांगायलाही हवी: 'आकडा घेतला नसेल तर चौकट रिकामी ठेवा, कारण लिहा. खोटा आकडा बघून मी पुढची बॅच चालू करतो, त्यात माणूस भाजेल.' पण आता इन्चार्जला आणखी एक गोष्ट कळलेली असते. रात्री हेल्पर नसतो, आणि ती त्याची स्वतःची जबाबदारी आहे.

एकांतात बोलण्याचा आग्रह कोकणात जरा जपून धरावा लागतो, हेही खरं. गावकीच्या बैठकीत चारचौघांत जाब विचारायची इथली रीत जुनी आहे आणि त्यात एक न्यायही आहे. सगळ्यांसमोर विचारलं की मागून कुजबूज उरत नाही. पण गावकीत उत्तर देणारा आणि विचारणारा दोघे एकाच पंगतीतले असतात. कारखान्यात विचारणाऱ्याच्या हातात पगारवाढ आणि ओव्हरटाइम असतो. ती रीत तशीच्या तशी इथे आणली की ती न्यायाची न राहता धाकाची होते.

सांगण्याबद्दल इतकं. ऐकण्याचा भाग जास्त अवघड आहे, आणि तो व्यवस्थापकाने शिकला नाही तर वरचं सगळं एकतर्फी राहतं.

वाईट बातमी वर पोचत नाही, हे मानसशास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं आहे. सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना दुसऱ्यासाठी आलेला निरोप पोचवायचा होता. निरोप चांगला असला की ते तो बऱ्याचदा सबंध सांगत. वाईट असला की बऱ्याचदा 'तुमच्यासाठी फोन आला होता' एवढंच सांगून थांबत. इथे तर समोरच्याच्या हाती सांगणाऱ्याचं काहीच नव्हतं. तो साहेब असला तर काय होत असेल?

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांत औषधं देताना होणाऱ्या चुका मोजल्या. त्यांची अपेक्षा होती की चांगल्या गटांत चुका कमी असतील. निघालं उलटंच. ज्या गटांची प्रमुख मोकळी होती त्यांच्या नोंदींत चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जास्त जात होत्या. ज्या विभागाच्या रजिस्टरमध्ये वर्षभरात एकही 'थोडक्यात वाचलो' अशी नोंद नाही, त्या विभागाच्या प्रमुखाला शाबासकी मिळते. खरं तर त्याच विभागाची झडती आधी घ्यायला हवी.

रसायनांच्या गावात हे फार खऱ्या अर्थाने जिवावरचं असतं. भोपाळच्या कारखान्यात मे १९८२मध्ये अमेरिकेतून तपासणी पथक आलं होतं आणि त्याने सुरक्षेतल्या त्रुटी लिहून दिल्या होत्या. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकारानेही छापून इशारा दिला होता. डिसेंबर १९८४च्या वायुगळतीपर्यंत अडीच वर्षं हाताशी होती.

वरच्याने खालच्याचं ऐकायला हवं, याची जाण मराठी राजनीतीत नव्हती असं नाही. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं. त्यात प्रधान हा राजाच्या उन्मत्तपणाला आवरणारा अंकुश म्हटला आहे. ज्याला हत्तीवर बसायची सवय आहे त्याने अंकुश दुसऱ्याच्या हाती द्यावा, ही अपेक्षा मोठीच आहे. पण लिहिणारा माणूस तीनेक पिढ्या दरबार पाहिलेला होता. नेतोजींची गोष्टही धर्मांतरावर संपत नाही. १६७६ साली, दहा वर्षांनी, ते महाराजांकडे परत आले आणि त्यांना परत घेतलं गेलं. प्रतापरावांच्या मुलीशी, जानकीबाईंशी, महाराजांनी आपल्या धाकट्या मुलाचं, राजारामांचं लग्न लावलं. आपल्या बोलण्याचा परिणाम महाराजांना दिसला होता आणि त्याची भरपाई करायचा मोठेपणा त्यांच्यात होता, असा मी याचा अर्थ लावतो. दुसरा कुणी त्यात फक्त राजकारण वाचेल.

कारखान्याला खरी प्रतिक्रिया कधीकधी आवाराच्या बाहेरून येते. महाडच्या वसाहतीचं पाणी शेवटी खाडीलाच मिळतं. पाण्याचा रंग बदलला, मासे उताणे तरंगले, हे आधी खालच्या अंगाच्या खाडीपट्ट्याला कळतं. इथल्या मच्छीमारांनी आणि गावकऱ्यांनी सावित्रीच्या प्रदूषणाच्या तक्रारी वर्षानुवर्षं केल्या आहेत. कारखान्यातला तुडीलचा कामगार अशा वेळी दोन्हीकडे असतो, सकाळी खाडी बघतो आणि दुपारी शिफ्टला जातो. त्याला विचारणारा साहेब मात्र विरळा.

विचारायचं तर 'माझ्याबद्दल काही सुचवायचंय का?' हा प्रश्न वाया जातो. त्याला 'नाही साहेब, सगळं छान आहे' हे एकच उत्तर आहे. 'मागच्या शटडाउनच्या वेळी माझ्या कोणत्या निर्णयामुळे तुमचं काम वाढलं?' असं विचारलं तर उत्तराला धरायला जागा मिळते. पहिल्यांदा बहुधा कुणी बोलणार नाही. दुसऱ्यांदा एखादा अगदी किरकोळ काहीतरी सांगेल, परमिटवर सही उशिरा मिळते एवढंच. तिथे खुलासा द्यायचा मोह आवरायचा, वहीत लिहून घ्यायचं आणि आठ दिवसांच्या आत परमिटची वेळ बदलून दाखवायची. ते कुणी केलं हे सगळ्यांना कळतं. जो बोलला त्याला पुढच्या महिन्याच्या ड्यूटी चार्टमध्ये सलग नाईट लागली, तर तेही सगळ्यांना कळतं.